भाजीच्या पिशवीतली वाहतूक कोंडी

वाहतूक कोंडी घरच्या घरी करता येते. साहित्य: जुने पण चालू असलेले फोन अकरा, भाजीची कापडी पिशवी एक, निवृत्त वडील एक. (वडील निवृत्तच हवेत. नोकरीतले भरभर चालतात आणि मग कोंडी नीट जमत नाही.)

आम्ही सदाशिव पेठेतल्या एका बोळात राहतो. बोळ इतका अरुंद आहे की समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर दोन्ही मालकांना एकमेकांच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करावीच लागते, कारण तेवढा वेळ जातोच. मी या बोळात जन्मापासून राहते आणि अजून कुणाच्या परीक्षेची चौकशी केलेली नाही. मी दिवसाला साधारण सात वाक्यं बोलते. त्यातली तीन ‘नको’ असतात.

माझं कामही असंच, बिनबोलाचं आहे. मी एका संकेतस्थळासाठी इंग्रजीत व्हिडिओ गेमच्या बातम्या लिहिते. म्हणजे कुठला गेम कधी येणार, तो पुढे का ढकलला, आणि पुढे ढकललेला गेम आणखी पुढे का ढकलला. आई लोकांना सांगते, “मुग्धा बातम्या देते.” त्यामुळे आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोगळेकर काकू दोन वर्षं मला टीव्हीवर शोधताहेत.

“किती वाजता असतेस गं?” त्यांनी एकदा जिन्यात विचारलं होतं.

“सकाळी,” मी म्हणाले.

(लाजाळू माणसं खोटं बोलत नाहीत. ती फक्त संभाषण लवकर संपवतात.)

तर गेल्या हिवाळ्यात नदीकाठच्या लॉन्सवर दर शनिवारी संध्याकाळी लाइव्ह कॉन्सर्ट सुरू झाल्या. “लाइव्ह म्हणजे? बाकीचे गायक मरून गातात का?” असं म्हणून बाबांनी तो विषय संपवला होता. पण विषय चालत, म्हणजे गाडीत बसून, आमच्या दारात आला. मोठ्या रस्त्यावर गर्दी झाली की फोनमधला नकाशा सगळ्या गाड्यांना आमच्या बोळात पाठवायचा. पहिल्या शनिवारी बाबा दूध आणायला बाहेर पडले, तर समोर एक पांढरी, लांबलचक गाडी.

“काका, जरा बाजूला होता का?”

“कुठे निघालात?”

“कॉन्सर्टला.”

“हा रस्ता कॉन्सर्टला जात नाही. माझ्या घरी जातो.”

“मॅप इकडूनच दाखवतोय ना. चार मिनिटं वाचतात.”

“वाचवून काय करणार आहात त्या चार मिनिटांचं?”

गाडीवाला बोटांवर हिशेब करायला लागला. तो होईपर्यंत मागे सहा गाड्या उभ्या राहिल्या.

बाबांनी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ‘नकाशा चुकत नाही, वाचणारा चुकतो’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि आता साक्षात नकाशाच त्यांच्या घरावर चाल करून आला होता! जेवताना ते पोळीकडे बघत म्हणाले, “याला काही उपायच नाही का?”

आणि मी आठवं वाक्य बोलले. तिथेच घात झाला.

झालं होतं असं, की गाड्यांच्या शर्यतीच्या एका गेमची बातमी मी लिहिली होती. तिच्याखाली कुणीतरी प्रतिक्रिया दिली होती की खूपसे फोन एकत्र घेऊन रस्त्यावरून अगदी हळू चाललं, तर नकाशाला वाटतं तेवढ्या गाड्या तिथे रखडल्या आहेत. मग तो रस्ता लाल दाखवतो आणि बाकीच्यांना दुसरीकडे वळवतो. मी हे सहज सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

“किती फोन लागतात?”

“बाबा, ते कुणीतरी नुसतं लिहिलं होतं.”

“आकडा सांग.”

आमच्या घरात ‘चालतोय की!’ या एका वाक्यावर फोन पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. खणांमधून आठ निघाले. एकाची काच फुटलेली, एकाचं पोट फुगलेलं, एकाचा फक्त डावा अर्धा भाग चालणारा. तीन जोगळेकर काकूंनी दिले. (“चांगल्या कामाला नाही म्हणू नये.”) अकराही फोन मी माझ्या फोनच्या इंटरनेटला जोडले, सगळ्यांवर नकाशा सुरू केला आणि दाराच्या खुंटीवरच्या भाजीच्या पिशवीत भरले. पुढच्या शनिवारी पाच वाजता बाबा पिशवी खांद्याला लावून निघाले. इतके सावकाश, की बोळातलं झोपलेलं कुत्रं उठून, काय झालंय ते बघायला लागलं.

मी खिडकीत बसून नकाशावर नजर ठेवली. बोळ निळा होता, मग नारिंगी झाला, मग लाल.

“मुग्धा, किती झालं?” बाबांनी खालून विचारलं.

“लाल.”

“गडद?”

“गडद!”

वरच्या गॅलरीतून जोगळेकर काकूंनी टाळ्या वाजवल्या. एकही गाडी आली नाही. सगळ्या शेजारच्या बोळात गेल्या, तिथून हॉर्नचे आवाज यायला लागले. मला जरा वाईट वाटलं. बाबांना वाटलं नाही. “त्या बोळातल्यांना गाण्याची आवड आहे,” ते म्हणाले.

असे चार शनिवार गेले. पाचव्या शनिवारी आईचा कार्यक्रम होता.

इथे थोडं गंभीर व्हायला हवं. माझी आई तीस वर्षं भावगीतांच्या समूहात गाते. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. तीस वर्षांच्या सगळ्या फोटोंमध्ये तिचं अर्धं कपाळ तेवढं दिसतं. या वर्षी पहिल्यांदा महिला मंडळाने तिला एकटीचा कार्यक्रम दिला होता. बोळाच्या टोकाचा छोटा हॉल, साठ खुर्च्या, शनिवारी संध्याकाळी साडेपाच. चार महिने ती रोज दुपारी रियाज करत होती आणि आम्ही चार महिने रोज लागलेली आमटी निमूट खात होतो.

“अहो, त्या दिवशी तरी तुमची ती प्रदक्षिणा नको,” आईने बाबांना बजावलं. “तबलेवाले गाडीने यायचेत. कात्रजहून.”

तबलेवाले म्हणजे इंगळे. मूळचे अकोल्याचे, सोमवार ते शुक्रवार आयटीत आणि शनिवार-रविवार तबल्यावर. पुण्यात येऊन वर्ष झालं होतं, पण पेठांमध्ये कधी गाडी घातली नव्हती. आधीच्या तालमी त्यांच्याकडेच झाल्या होत्या.

बाबांनी अकरा फोन बंद केले, कपाटात ठेवले आणि किल्ली आईच्या हातात दिली. मी दोनदा कपाट ओढून पाहिलं. इतकी काळजी आम्ही घेतली होती, हे कृपया लक्षात ठेवावं.

पाच वाजता हॉलवर पोचले तर जोगळेकर काकू माईक घेऊन माझीच वाट बघत होत्या.

“ये गं! निवेदन तू करायचंस. रोजचीच सवय तुला, टीव्हीवरची!”

मी माईकपासून दोन पावलं मागे सरले. “काकू, मी... मी दारात थांबते. काहीतरी काम द्या.”

काम होतं. मागच्या कार्यक्रमात ऐन आलापात कुणाचा तरी फोन वाजला होता आणि रिंगटोन होती बाळाच्या रडण्याची! तेव्हापासून मंडळाचा नियम झाला होता: फोन आवाज बंद करून दारात जमा करायचे. काकूंनी माईक स्वतःकडे ठेवला (त्यांना फार दुःख झालेलं दिसलं नाही) आणि मला म्हणाल्या, “पिशवी आणलीयेस का?”

मी धावत घरी जाऊन खुंटीवरची पिशवी आणली.

होय. तीच.

लोक येत गेले, फोन टाकत गेले. आईचाही टाकला, माझाही टाकला, नियम म्हणजे नियम. एकूण त्रेचाळीस फोन झाले. (हा आकडा बाबांना विचारून लिहिला आहे. इंग्रजी माध्यमामुळे मला मराठी आकडे चाळीसपर्यंतच खात्रीने येतात.) पण प्रत्येक जण फोनबरोबर एक प्रश्नही टाकत होता. “तू सुनंदाची मुलगी ना?” “तूच बातम्या देतेस ना?” “आज सुट्टी घेतलीस?” विसाव्या प्रश्नाला माझा आठवड्याचा कोटा संपला. साडेपाच वाजता मी पिशवी बाबांच्या खांद्याला अडकवली.

“तुम्ही सांभाळा. खाली ठेवू नका हं, लोकांचे महागाचे फोन आहेत.”

“मी कशाला ठेवतोय!” बाबा म्हणाले. आणि इंगळे कुठवर आले ते बघायला बोळात निघाले.

पावणेसहा झाले, इंगळे आले नाहीत. सहा झाले, तरी नाहीत. आई जांभळी साडी नेसून स्टेजवर पेटीवाल्यांशेजारी बसली होती आणि दर मिनिटाला दाराकडे बघत होती. काकूंनी वेळ काढायला मनोगत सुरू केलं. बाबा काळजीने बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होते. काळजी जशी वाढत होती, तशी चाल मंदावत होती.

सव्वासहाला मी बाहेर आले. बोळ रिकामा होता. बाबा, त्यांची पिशवी आणि कुत्रं.

“बाबा, माझा फोन द्या. इंगळ्यांना विचारते.”

फोन काढला, तर त्यांचे चौदा मिस्ड कॉल. आधी ते कुठून येतात ते बघावं म्हणून नकाशा उघडला. आमचा बोळ लाल नव्हता. तो काळपट जांभळा झाला होता, आईच्या साडीसारखा.

मी नकाशाकडे पाहिलं. बोळाकडे पाहिलं. पुन्हा नकाशाकडे. बोळात एक कुत्रं, नकाशात महाभयंकर कोंडी! मला वाटलं, आपण दुसऱ्याच बोळात उभे आहोत का?

बाबांनीही डोकावून पाहिलं. “बघ! केवढं ट्रॅफिक आहे आज. म्हणून अडकलाय बिचारा,” असं म्हणून ते पुन्हा चालू लागले. सावकाश, पिशवी सांभाळत.

“बाबा!” मी ओरडले. “हलू नका!”

“का? साप आहे?”

“बाबा, कोंडी तुम्ही आहात!”

बाबा थांबले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

“पण अकरा तर कपाटात आहेत.”

“हे फॉर्टी-थ्री आहेत. सगळे चालू, फक्त आवाज बंद!”

त्यांनी पिशवीचं तोंड उघडून आत डोकावलं. मग हळूच म्हणाले, “तरीच इतका गडद आलाय.” त्यात थोडा अभिमान होता, हे मला आईला कधीही सांगायचं नाहीये.

मी इंगळ्यांना फोन लावला.

“इंगळे, कुठे आहात तुम्ही?”

“पद्मावतीला, मॅडम. घरी परत चाललो होतो. केव्हाचा फिरून राहिलो ना मी! सारसबाग तीनदा झाली. दगडूशेठचं दर्शन दोनदा झालं, बाहेरून. तुमच्या गल्लीजवळ आलो, की हा मॅप मला वापस फिरवून राहिला. काय गर्दी हाये हो तिथं!”

“इथे गर्दी नाहीये.”

“मजाक नका करू मॅडम. मी पाहून राहिलो ना. पूर्ण लाल हाये.”

“ते बाबा आहेत!”

पलीकडे करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला.

“इंगळे, नकाशा बंद करा. मी सांगते तसं या. आईचं पहिलं गाणं आहे हो. तिला तुमच्याशिवाय सुरू करता येणार नाही.”

आणि मी, सात वाक्यांची मुलगी, पंचवीस मिनिटं सलग बोलले! सरळ या. आता डावीकडे. नाही, ते उजवीकडे झालं. आता चहाचं दुकान दिसेल, तिथे वळा.

“मॅडम, इथं तर दर दहा पावलांवर चहाचंच दुकान हाये!”

“ज्यावर गर्दी आहे तिथे!”

“सगळ्यावरच हाये!”

एवढ्यात बाबांनी शहाणपणा करून पिशवी हॉलच्या पायरीवर ठेवली आणि तिच्याशेजारी स्वतः बसले. दोघंही अजिबात हलेनात. (जागचे न हलणारे फोन नकाशाला रखडलेल्या गाड्या वाटत नाहीत, घरात बसलेली माणसं वाटतात.) पाच मिनिटांत नकाशावरचा बोळ निळाशार झाला. मी सुटकेचा श्वास सोडला.

तो अर्धाच सुटला होता. कारण तासाभरात आजूबाजूचे सगळे बोळ खरोखरचे तुंबले होते. कॉन्सर्टच्या तमाम गाड्यांना एकाच वेळी कळलं, की सदाशिव पेठेत एक, फक्त एकच, रस्ता मोकळा आहे.

पहिली गाडी आली. दुसरी आली. समोरून एक टेम्पो आला. दहा मिनिटांत आमच्या बोळात अशी कोंडी झाली, की जिला पिशवीची गरज नव्हती. आणि तिच्यात, मागून चौथ्या गाडीत, खिडकीतून हात हलवत होते इंगळे!

मी सगळ्यात पुढच्या गाडीच्या काचेवर टकटक केली.

“जरा मागे घेता का? आमचे तबलेवाले अडकलेत.”

“ताई, मॅपवर रस्ता मोकळा आहे.”

“अहो, समोर बघा ना! टेम्पो आहे!”

त्याने समोर पाहिलं. फोनकडे पाहिलं. “पण निळा दाखवतोय,” तो म्हणाला.

“मगाशी काळा होता. मीच केला होता!”

त्याने काच वर घेतली. मी त्याच्या जागी असते तर मीही घेतली असती.

मग मी विचार करणं सोडून दिलं. गाड्यांच्या फटींतून आडवी-तिडवी होत इंगळ्यांपर्यंत पोचले. त्यांनी तबला छातीशी धरला, मी डग्गा पोटाशी धरला (डग्गा जड असतो, तो बघताना वाटत नाही), आणि आम्ही “सॉरी, सॉरी, आरसा सांभाळा” करत हॉलकडे निघालो. गाडी तिथेच सोडली. बाबा पायरीवरून उठायला लागले.

“बाबा, बसा!!”

ते बसले.

आत जोगळेकर काकूंचं मनोगत त्यांच्या काशीयात्रेपर्यंत पोचलं होतं. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ विचारत होते, “माझा फोन मिळेल का? मला निघायचं होतं.” त्यांना कुणीतरी सांगत होतं, “फोन सरांबरोबर फिरायला गेलाय. येईल इतक्यात.”

आईने मला डग्ग्यासकट दारात पाहिलं.  पदर सारखा केला आणि पेटीवाल्यांना मान हलवून खूण केली.

आणि ती गायली. मी तिचं गाणं आजवर कायम कुकरच्या शिट्टीमागून ऐकलं होतं. एकटीचं, सलग, पहिल्यांदा ऐकलं. बाहेर हॉर्न वाजतच होते. आई काळी चारच्या सुरात होती, हॉर्न आपापल्या सोयीने. पण दुसऱ्या गाण्यात पुढच्या गाडीची काच खाली आली. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. जायला कुणालाच कुठे जागा नव्हती, त्यामुळे ऐकत बसण्यासारखं दुसरं सोयीचं काम नव्हतं. सुटायला घाई न करणारी ती पुण्यातली एकमेव कोंडी असावी.

सहा गाणी झाली. ठरली होती बारा.

घरी येताना आईचा चेहरा नुसता उजळला होता. “इंगळ्यांना उशीर झाला, पण बघितलंस? एकही माणूस उठून गेला नाही! तासभर थांबले गं माझ्यासाठी!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. सगळ्यांचे फोन पायरीवर ओलीस होते, हे तिला सांगण्याची हिंमत आमच्यापैकी कुणातही नव्हती. “तू गायलीसच तशी,” बाबा म्हणाले, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

ते अकरा फोन आता कपाटातच असतात. किल्ली अजून आईकडे आहे. पण नकाशाची स्मरणशक्ती चांगली असते. त्याच्या मते आमच्या बोळात शनिवारी संध्याकाळी नेहमीच भीषण गर्दी असते, आणि तो ते सगळ्यांना मनापासून सांगतो.

परवाच्या शनिवारी मी दोन जड पिशव्या घेऊन रिक्षाने घरी येत होते. रिक्षावाल्या काकांनी फोनकडे पाहिलं आणि रिक्षा बाहेर टिळक रस्त्यावरच थांबवली.

“ताई, इथेच उतरा. त्या बोळात फार बेकार ट्रॅफिक असतं शनिवारचं. कोण माणसं राहतात तिथे, देव जाणे!”

मला खरं कारण माहीत होतं. अगदी पहिल्यापासून सांगता आलं असतं. पण त्यासाठी सातपेक्षा जास्त वाक्यं लागली असती.

मी उतरले, दोन्ही पिशव्या उचलल्या, आणि रिकाम्या बोळातून चालत घरी आले. अर्थात भरभर. न जाणो, पुन्हा लाल व्हायचा!